पंचेचाळीस प्रसंगांचा हिशेब

शास्त्रभाग : फिलेमोनास पत्र, योहान २१:१५-१९



दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुरुग्राम ओलांडले की मानेसर लागते. आता त्याला गाव म्हणणे कठीण. आपल्या चाकण वा वाळूजप्रमाणे तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले आणि पोटापाण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन वसली. तेथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात २०११ साली जे घडले त्यातील एका कागदाकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

त्या वर्षीच्या जून महिन्यात, स्वतःची स्वतंत्र संघटना असावी या मागणीसाठी कामगारांनी १३ दिवस संप केला. समेट झाला, परंतु मने दुभंगलेलीच राहिली. २९ ऑगस्ट रोजी व्यवस्थापनाने अट घातली, की प्रत्येक कामगाराने सद्वर्तनाचे हमीपत्र लिहून द्यावे. जो सही करील त्यालाच फाटकातून आत घेतले जाईल. बहुसंख्य कामगारांनी नकार दिला. तेहतीस दिवस कोंडी चालली. शेवटी बोलणी होऊन सह्या झाल्या, आणि त्याच ऑक्टोबर महिन्यात पुन्हा संप सुरू झाला! पुढे १८ जुलै २०१२ रोजी त्या कारखान्यात दंगल उसळली, आग लागली, मनुष्यबळ विभागाचे एक वरिष्ठ अधिकारी तीत मृत्युमुखी पडले, अनेक अधिकारी जखमी झाले. कारखाना महिनाभर बंद राहिला. शेकडो कामगारांची नोकरी गेली. २०१७ च्या मार्च महिन्यात न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरविले आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. ह्या निर्दोषांपैकी कित्येकांची ऐन उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. एका बाजूस एका घरातील कर्ता पुरुष गेला, दुसऱ्या बाजूस कितीतरी चुली विझल्या. कोणाचे किती चुकले हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. मला बोलायचे आहे ते त्या हमीपत्राविषयी.

कारण वाचकहो, असे हमीपत्र आपण घरोघरी मागत असतो. दारू पिऊन आलेल्या मुलाला बाप पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. सातबाऱ्यावरून फसविले गेलेला भाऊ दुसऱ्या भावाला पाळकांसमोर उभा करून वदवून घेतो, की पुन्हा असे करणार नाही. पत्नी रडत विचारते आणि पती मान खाली घालून म्हणतो, ‘आता विश्वास ठेव.’ शब्द घेतला जातो, शब्द दिला जातो, आणि दोन्ही पक्ष समजतात की काम झाले. मग महिन्याभराने जेव्हा बाप मुलाचे खिसे तपासतो, तेव्हा मुलगा उसळून विचारतो, ‘तुम्ही मला क्षमा केली होती ना?’

ह्या प्रश्नापाशी आपली पुष्कळ प्रवचने अडखळतात. आपण क्षमेवर बोलतो, विश्वासावर बोलतो, पण माणसामाणसांतील गेलेला विश्वास परत कसा येतो ह्यावर क्वचितच बोलतो. बहुधा आपण असे गृहीत धरतो, की क्षमा केली म्हणजे विश्वास आलाच, आणि ज्याच्या मनात तो आला नाही त्याने खरी क्षमा केलीच नाही. ह्या गृहीतकाने अनेक दुखावलेल्या जिवांवर अपराधीपणाचे दुसरे ओझे लादले आहे. आज थोडा वेळ मी आपणांस गणिताकडे नेतो. घाबरू नका, शाळेतील अपूर्णांकांपलीकडे त्यात काही नाही.

अठराव्या शतकात लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एक साधा नियम मांडला. एखादी गोष्ट पुढच्या वेळी घडेल अशी अपेक्षा किती धरावी? आजवर ती जितक्या वेळा घडली त्यात एक मिळवा, आणि एकूण प्रसंगांत दोन मिळवून त्याने भागा. दिलेला शब्द पाळणे हीच ती गोष्ट धरू. अगदी अनोळखी माणसाविषयी आपला अनुभव शून्य. म्हणून उत्तर एक भागिले दोन, म्हणजे निम्मा विश्वास. (पतपेढीचा व्यवस्थापक इतकाही ठेवणार नाही, पण ते असो.) त्याच माणसाने आठ प्रसंगी शब्द पाळला, की नऊ भागिले दहा, म्हणजे शंभरात नव्वद. आठ प्रसंगांत परका माणूस जवळचा झाला! आज संगणकावरून चालणाऱ्या खरेदी-विक्रीत न पाहिलेल्या दुकानदाराची पत मोजण्यासाठीही ह्याच जातीची सूत्रे वापरली जातात.

आता त्याने एकदा दगा दिला असे समजू. दगा जर पाळलेल्या एका शब्दाइतकाच वजनाचा असता, तर विश्वास शंभरात सुमारे ब्याऐंशीवर आला असता, आणि आणखी नऊ वेळा शब्द पाळून तो पुन्हा नव्वदावर गेला असता. पण मनाच्या तराजूत दगा जड असतो. अमेरिकेतील सिएटल येथे जॉन गॉटमन ह्या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे पती-पत्नींचे संवाद न्याहाळले आणि जेम्स मरे ह्या गणितज्ञाच्या साहाय्याने ते समीकरणांत बसविण्याचा यत्न केला. त्यांचा विवाहाच्या गणितावरील ग्रंथ २००२ साली निघाला. गॉटमन ह्यांना आढळले, की टिकणाऱ्या संसारात वादाच्या वेळीसुद्धा एका कटू बोलामागे सुमारे पाच गोड व्यवहार असतात. हे माप विश्वासघाताचे नव्हे, तरी त्यावरून अटकळ बांधून आपण एका दग्याचे वजन पाच धरू. तसे केले तर आपल्या माणसाचा विश्वास नऊ भागिले पंधरा, म्हणजे शंभरात साठावर येतो. आणि पुन्हा नव्वदावर पोहोचण्यास त्याने किती वेळा शब्द पाळावा लागेल? पंचेचाळीस वेळा. प्रथम आठ लागले होते, आता पंचेचाळीस! वजन वीस धरले, आणि संसारातील काही घाव तेवढे जड असतातच, तर हा आकडा एकशे ऐंशीवर जातो. दररोज एक प्रसंग धरला तरी सहा महिने.

हे आकडे शास्त्रवचने नव्हेत. वजन बदलले की ते बदलतील. परंतु त्यांचा कल पाहा. जो बाप महिन्याभराने मुलाचे खिसे तपासतो, त्याच्या क्षमेत खोट आहे असे ह्या हिशेबावरून दिसत नाही. त्याच्याजवळ अजून पंचेचाळीस प्रसंग जमा झालेले नाहीत, इतकेच. आणि जो मुलगा क्षमेची पावती दाखवून विश्वासाची मागणी करतो, तो दुसऱ्याच्या खात्यावरील रक्कम आपली म्हणून मागत आहे.

योसेफाची गोष्ट आपण जाणता. भावांनी त्याला विकले होते. धान्यासाठी ते त्याच्यासमोर आले तेव्हा त्यांचे बोलणे ऐकून तो बाजूस जाऊन रडला, हे उत्पत्तीच्या बेचाळिसाव्या अध्यायात लिहिले आहे. त्याच्या अंतःकरणात कोमलता तेव्हाच होती. तरी त्याने लगेच ओळख दिली नाही. त्याने धाकट्याला आणावयास सांगितले, त्याच्या गोणीत प्याला ठेवविला, आणि पुन्हा एकदा तोच प्रसंग उभा केला : लाडक्या भावाला परमुलखात सोडून स्वतः सुटून जाण्याची संधी. ज्या यहूदाने पूर्वी योसेफाला विकण्याचा सल्ला दिला होता, तोच आता बन्यामिनाऐवजी दास म्हणून राहण्यास पुढे झाला (उत्पत्ती ४४:३३). तेव्हा योसेफाला स्वतःला आवरेना. अश्रू आधी आले, ओळख नंतर दिली गेली, आणि मधल्या काळाबद्दल पवित्र शास्त्र योसेफाला दोष देत नाही.

परंतु ह्या हिशेबात एक अडचण दडलेली आहे. पंचेचाळीस वेळा शब्द पाळण्यासाठी पंचेचाळीस प्रसंग लागतात, आणि ते प्रसंग अपराध्याच्या हाती नसतात. ज्याच्या हाती कोणी पुन्हा पाच रुपयेही देत नाही, त्याने प्रामाणिकपणा दाखवावा तरी कोठे? दुखावलेल्याने दार पूर्ण लावून घेतले, की सूत्रातील आकडा जेथल्या तेथे थिजून जातो. मग दहा वर्षे उलटली तरी तो साठच राहतो. लोक म्हणतात, काळ सर्व जखमा भरून काढतो. ह्या सूत्रात काळाला जागाच नाही. आहे ती फक्त प्रसंगांना.

दुसरी अडचण अशी, की दोघेही आपल्या परीने न्यायीच वागत असतील तर? १९८० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट ॲक्सेलरॉड ह्यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोन खेळाडू वारंवार समोरासमोर येतात, प्रत्येक वेळी सहकार्य करावयाचे की दगा द्यावयाचा हे ठरवितात. विद्वानांनी नाना युक्त्या धाडल्या. जिंकली ती सर्वांत छोटी युक्ती, अनातोल रापोपोर्ट ह्यांची : पहिल्यांदा सहकार्य करा, मग समोरचा करील तसे करा. जशास तसे. मोठी न्याय्य वाटते ना? पण तीत एक वैगुण्य आहे. असे दोन न्यायी खेळाडू खेळत असता एकाच्या हातून केवळ नजरचुकीने दगा घडला, तर दुसरा परतफेड करतो, त्याची परतफेड पहिला करतो, आणि हे चक्र थांबत नाही. लग्नाच्या मांडवात काकांनी गर्दीत पुतण्याचा नमस्कार पाहिला नाही. पुतण्या नामकरणाला गेला नाही. काका घरभरणीला आले नाहीत. आणि आता तिसरी पिढी एकाच चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसते. प्रत्येकाजवळ दुसऱ्याच्या शेवटच्या अपराधाचा पुरावा आहे. कोणीही खोटे बोलत नाही.

१९९२ साली मार्टिन नोवाक व कार्ल सिग्मुंड ह्यांनी दाखविले, की जेथे चुका घडतात अशा जगात ‘जशास तसे’पेक्षा थोडी उदार युक्ती सरस ठरते : दग्याची परतफेड दर वेळी न करता काही वेळा तो सोडून द्यावा. त्या खेळाच्या रूढ गुणांकनात हे प्रमाण तीनांत एक येते. ह्याहून अधिक सोडले तर लबाड माजतात, कमी सोडले तर चक्र तुटत नाही. आणखी काही अभ्यासकांनी दुसऱ्या बाजूने विचार केला : ज्याची चूक झाली त्याने समोरच्याची एक परतफेड निमूटपणे सोसावी व उलट वार करू नये. चक्र तेथेही तुटते. जक्कयाने मागितल्यावाचून चौपट परत देऊ केले (लूक १९:८), ते ह्याच वाटेचे पाऊल. त्याला आपल्या पापाचे वजन ठाऊक होते. एकास एक फेडून ते उतरणार नव्हते.

तीनांत एक, हे बुद्धीचे उत्तर. पेत्राला सातापर्यंत जाणेही फार वाटले होते, आणि प्रभूने त्याला साताच्या सत्तरपटीपर्यंत नेले (मत्तय १८:२२). हा आकडा कोणत्याही सूत्रातून निघत नाही. तेथे मोजणाऱ्यालाच मोजणे सोडावे लागते. पण हे ध्यानात घ्यावे, की ते उत्तर क्षमेविषयी आहे. किती वेळा क्षमा करावी असे पेत्राने विचारले होते. किती वेळा तिजोरीची किल्ली द्यावी असे नव्हे.

ह्याच पेत्राकडे आता पाहा. त्याने पूर्वी हमीपत्र दिले होते. सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, मरावे लागले तरी नाकारणार नाही, असे तो सर्वांदेखत म्हणाला होता (मत्तय २६:३३-३५). कोंबडा आरवण्याच्या आत त्या हमीपत्राचे काय झाले हे आपण जाणतो. तिबिर्याच्या समुद्राकाठी, निखाऱ्यांजवळ, प्रभूने त्याला तीनदा विचारले. तीन नकारांसाठी तीन प्रश्न, हे आपण अनेकदा ऐकले आहे. पण प्रभूने काय मागितले नाही तेही पाहावे. पुन्हा नाकारणार नाहीस ना, असे त्याने एकदाही विचारले नाही. नवी शपथ घेतली नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याने एक काम हाती दिले : माझी कोकरे, माझी मेंढरे सांभाळ. दुसऱ्या शब्दांत, प्रसंग दिले. हमीपत्रावर न मिळणारी गोष्ट पेत्राने त्यानंतरच्या वर्षांत मेंढरांमागे फिरून मिळविली.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातील एक घर मला येथे आठवते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ह्या दिवसाचे आपण कौतुकाने स्मरण करतो. लक्ष्मीबाईंसाठी मात्र तो वीज कोसळल्याचा दिवस होता. पती जिवंत असून संसार संपला होता. काही वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन दूर राहिल्या. मग त्या परतल्या, पण एकदम नव्हे. सोवळेओवळे सांभाळत, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून त्या पतीच्या जवळ राहू लागल्या. बंधने एकेक करून गळाली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ह्या वर्षांचे हसू आणि आसू दोन्ही ठाऊक आहेत. आपण ही कथा बहुधा टिळकांच्या बाजूने सांगतो. मला वाटते ती त्या वेगळ्या चुलीच्या बाजूनेही सांगावी. त्या चुलीने परतण्याची वाट बंद केली नाही आणि घाईने मोकळीही केली नाही. रोजचा एकेक प्रसंग घडू दिला. आणि टिळकांनी ती चूल सहन केली, हेही त्यांच्या कवित्वाइतकेच थोर मानावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ज्या घरात मारहाण आहे, जेथे जिवाला किंवा लेकरांना धोका आहे, तेथे ‘आणखी एक संधी दे’ असा सल्ला देणे ही क्षमेची शिकवण नव्हे. संधी लहान असावी, आणि मोडली तर सोसवेल इतकीच असावी. जो थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयी विश्वासू, हे प्रभूने सांगितले (लूक १६:१०). आरंभ थोडक्याने आहे. हात उगारणाऱ्याने आपले पंचेचाळीस प्रसंग दुरून, दुसऱ्यांच्या देखत, वेगळ्या छपराखाली जमवावेत. पत्नीला त्याच रात्री परत धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा हिशेब आधी स्वतः मांडून पाहावा.

आता त्या हमीपत्राकडे परत येऊ. नव्या करारात एक हमीपत्र आहे, आणि तेही धनी आणि त्याचा दास ह्यांच्यामधील. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. तो धन्यापासून दुरावला, बंदिवान पौलापाशी पोहोचला, विश्वासात आला. आता पौल त्याला परत पाठवीत आहे, सोबत एक लहानसे पत्र देऊन. अनेसिम ह्या नावाचा अर्थ उपयोगी. पौल त्यावर हळुवार कोटी करतो, की पूर्वी निरुपयोगी असलेला आता तुला व मला दोघांना उपयोगी झाला आहे (वचन ११). धन्याच्या मनातील पूर्वीचा आकडा तो लपवीत नाही, नुकसान झालेच नाही असेही म्हणत नाही. तो म्हणतो, ह्याने तुझे काही बुडविले असेल तर ते माझ्या नावावर लिही, मी फेडीन; आणि हे वाक्य तो लेखनिकाकडून न लिहविता स्वतःच्या हाताने लिहितो (वचने १८-१९).

मानेसरच्या फाटकात सही मागितली गेली ती आत येऊ पाहणाऱ्याकडून, आणि आपणही घरात ती त्याच्याचकडून मागतो. ज्याची पत गेली आहे त्याच्या सहीला किती किंमत येणार? येथे दासाकडून एक अक्षरही लिहून घेतलेले नाही. सही केली आहे तिसऱ्याने, ज्याची पत शाबूत होती आणि ज्याचे स्वतःचे हात साखळीत होते. ती सही विश्वास विकत घेण्यासाठी नव्हती. दाराशी उभ्या असलेल्याला आत जाऊन आपला पहिला प्रसंग मिळावा, आणि तो फसला तर धन्याचे नुकसान भरून यावे, एवढ्यासाठी होती. आपल्या मंडळ्यांत क्षमेचा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. अशी सही करणारे मला फार थोडे भेटले. दोघा भावांच्या भांडणात ‘ह्याने पुन्हा फसविले तर बांधबंदिस्तीचा खर्च मी देईन’ असे म्हणणारा वडील मिळाला, तर किती वाटण्या न्यायालयाबाहेर मिटतील!

आणि हे करणारा पौल कोण? ज्याने एकदा मार्काला सोबत घेण्यास साफ नकार दिला होता तो. पंफुल्यात सोडून गेलेल्यावर पुन्हा विसंबता येत नाही, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. वाद इतका वाढला, की बर्णबा मार्काला घेऊन कुप्राकडे निघून गेला (कृत्ये १५:३७-३९). ते पहिले प्रसंग बर्णबाने दिले, पौलाने नव्हे. वर्षे लोटली. पुढे बंदिवासातून पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मूळ ग्रीकमध्ये हा ‘उपयोगी’ शब्द अनेसिमासाठी वापरलेलाच आहे. कलस्सैकरांस पाठविलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर ही दोन नावे लागोपाठच्या वचनांत येतात : नवव्यात विश्वासू व प्रिय बंधू अनेसिम, दहाव्यात बर्णबाचा भाऊबंद मार्क, तो आला तर त्याचा स्वीकार करा अशा सूचनेसह.

फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल आणखी एक गोष्ट सांगतो, जी आपण वाचताना सहसा ओलांडून जातो. माझ्यासाठी राहावयाची जागा तयार ठेव, असे तो लिहितो (वचन २२). जामीन राहिलेला माणूस स्वतः येणार आहे. त्याच घरात उतरणार आहे, त्याच ताटात जेवणार आहे, आणि बहुधा त्याची खोली झाडून, पाणी भरून ठेवण्याचे काम अनेसिमाकडेच येणार आहे.